फितुरीचा निकाल आणि मैत्रीचा प्रश्न



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो ते सर आयुष्यभर भाषा शिकवत राहिले. रहस्यकथा, हेरकथा, साहसकथा यांना त्यांनी कधी खालच्या पंगतीत बसवलं नाही. गोष्ट लोकांनी रात्र जागून वाचली असेल तर ती का वाचली, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटे. म्हणून त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून हेरकथेविषयी बोलणं मला उचित वाटतं. दोन मित्र, त्यांतला एक फितूर, आणि शेवट असा की पुस्तक मिटल्यावरही मन निवांत होत नाही, अशा कथांविषयी मी बोलणार आहे. असा शेवट हाच त्या कथेचा खरा शेवट असतो, हे मला मांडायचं आहे.

याविरुद्धची तक्रार आधी नीट ऐकून घेऊ, कारण ती रास्त आहे. आपला वाचक बाबूराव अर्नाळकरांवर वाढला. झुंजार आणि काळापहाड यांनी कित्येक घरांत वाचनाची गोडी लावली. त्या कथांत लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असे. गुंता कितीही वाढू दे, शेवटच्या पानापर्यंत तो सुटणार आणि गुन्हेगाराच्या तोंडावरचा बुरखा उतरणार. हा करार मोडला की वाचकाला फसल्यासारखं वाटतं. ‘लेखकाला शेवट सुचला नाही म्हणून त्यानं अधांतरी सोडला’ असं तो म्हणतो. पुष्कळ वेळा ते खरंही असतं. म्हणून शेवट मोकळा सोडणं ही आपोआप मोठी कला ठरत नाही. ती कुठे शोभते आणि कुठे ती निव्वळ पळवाट असते, हे ठरवायला काहीतरी कसोटी हवी.

माझी कसोटी सांगतो. हेरकथेत मैत्री आली की दोन प्रश्न एकाच वेळी चालू होतात. पहिला प्रश्न, फितूर कोण? दुसरा प्रश्न, तो फितूर होता तर मग त्याची मैत्री खरी होती की तीही कामाचाच भाग होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं. ते एखाद्या फायलीत, पकडलेल्या पत्रात, कबुलीजबाबात सापडतं. लेखकानं ते द्यायलाच हवं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नोंदलेलं नसतं. आजारपणात धावून येणं, अडीनडीला पैसे देणं, नोकरीसाठी शब्द टाकणं, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसणं, हाच मैत्रीचा पुरावा. मुरलेला हेर नेमकं हेच सगळं करतो. पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो. फसवलेल्या मित्राला तर उत्तर मिळत नाहीच, पण फसवणाऱ्याला तरी ते ठाऊक असतं का? वीस-पंचवीस वर्षं जो मित्राशी हसला, त्यानं आपण कधी मनापासून हसलो आणि कधी कामासाठी हसलो, याचा हिशेब ठेवलेला नसतो. म्हणून चांगली हेरकथा पहिला प्रश्न मिटवते आणि दुसरा उघडा ठेवते. कथेतल्या माणसांना जे कळणं शक्यच नाही, ते वाचकाला कळल्याचा देखावा ती करत नाही.

ही गोष्ट पश्चिमेनं शोधली असं समजू नका. विशाखदत्ताचं ‘मुद्राराक्षस’ हजार वर्षांहून जुनं आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. सात अंकांचं हे नाटक म्हणजे संस्कृतातली हेरकथाच, आणि तिचा कणा मैत्रीचा आहे. नंदांचा नाश झाल्यावर त्यांचा अमात्य राक्षस पाटलीपुत्राबाहेरून झुंजतो आहे. चाणक्याला तो मेलेला नको, चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून जिवंत हवा. राक्षसानं आपली बायको-मुलं चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी ठेवली आहेत. चंदनदास जीव गेला तरी मित्राचं कुटुंब स्वाधीन करायला तयार नाही. चाणक्याच्या लक्षात येतं की राक्षसाला ओढून आणणारी दोरी हीच. चंदनदासाला वधस्तंभाकडे नेल्याचं कळलं की राक्षस आपण होऊन येईल.

सहाव्या अंकातला प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. जुन्या उद्यानात राक्षसाला एक माणूस गळफास घ्यायच्या तयारीत दिसतो. राक्षस कारण विचारतो. माणूस सांगतो, माझा मित्र अग्निप्रवेश करायला निघाला आहे, त्याचं मरण कानावर यायच्या आत मला मरायचं आहे. तो मित्र का मरतो आहे? कारण त्याचा मित्र चंदनदास मारला जाणार आहे. आणि चंदनदास का? कारण तो राक्षसाचं कुटुंब देत नाही. मित्रासाठी मरणाऱ्या मित्रांची ही साखळी राक्षसापाशी येऊन थांबते. फास घेणारा माणूस चाणक्याचा हेर आहे. त्याची मैत्री खोटी, त्याचं दुःख खोटं. पण ते ऐकून वधस्थानाकडे धावणाऱ्या राक्षसाची मैत्री शंभर नंबरी खरी आहे. खोट्या मैत्रीच्या गोष्टीनं खऱ्या मैत्रीला पकडायचं, हा डाव विशाखदत्तानं असा रचला आहे की त्यात चाणक्याची क्रूरता आणि त्याचा राक्षसावरचा विश्वास, दोन्ही दिसतात.

नाटकाचा शेवट प्रथेप्रमाणे मंगल आहे. चंदनदास सुटतो, राक्षस अमात्यपद स्वीकारतो, राक्षसाच्या पक्षातल्या राजपुत्र मलयकेतूला त्याचं राज्य परत मिळतं, भरतवाक्य होतं. पण एक जागा नाटककारानं मिटवलेली नाही. मलयकेतूचा जिवलग म्हणून वावरणारा भागुरायण हा चाणक्याचा माणूस. पाचव्या अंकात छावणीतून बाहेर जाण्याचे परवाने देण्याचं काम त्याच्याकडे आहे. मलयकेतू त्याच्यावर भावासारखा विसंबलेला. त्या क्षणी भागुरायण स्वतःशी कबूल करतो की आपल्यावर एवढी माया करणाऱ्याला फसवणं फार अवघड आहे. मग तो फसवतो. मलयकेतू कैद होतो, पुढे त्याचे बंध सोडले जातात. पण ज्यानं फसवलं तो आणि जो फसला तो, हे दोघे त्यानंतर समोरासमोर काय बोलले, हे नाटकात नाही. राजकारणाचे सगळे धागे विशाखदत्तानं गाठ मारून बांधले, आणि हा एक धागा सुटा राहिला. भरतवाक्यानंतरही मला तोच पुन्हा पुन्हा आठवतो.

आता विसाव्या शतकात येऊ. १९०१ साली किपलिंगची ‘किम’ प्रसिद्ध झाली. किपलिंगचा जन्म मुंबईचा. कादंबरीतला किम हा लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला गोरा पोरगा, आणि त्याचा सोबती एक तिबेटी लामा. लामा एका पवित्र नदीच्या शोधात आहे. किम त्याचा चेला होतो आणि त्याच यात्रेच्या आडून इंग्रजांसाठी हेरगिरी शिकतो. लामाला या हेरगिरीचा पत्ता नाही. तरी किमच्या शाळेचा खर्च लामाच भरतो, आणि किम आजारपणात, डोंगरात, भुकेत लामाला सोडत नाही. मैत्री हेच आवरण आहे आणि मैत्री खरीही आहे. शेवटी लामाला त्याची नदी सापडते. किम पुढे सरकारी हेर होणार की लामाबरोबर राहणार, हे किपलिंग सांगत नाही. साम्राज्याविषयी त्याच्या मनात काही शंका होती असं नाही. तरी इथे त्याची लेखणी थांबली, कारण दोन्ही निष्ठा त्या मुलात मुरलेल्या होत्या आणि एकीला निवडलं की दुसरी खोटी ठरली असती.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१२च्या पहिल्या दिवशी, अंबाल्यात एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याला मुलगा झाला. किपलिंगच्या नायकावरून त्याचं लाडाचं नाव किम पडलं. हाच किम फिलबी. केंब्रिजमध्ये शिकलेला, १९३४ साली सोव्हिएत हेरखात्याला मिळालेला, १९४० साली ब्रिटनच्या परदेशी हेरखात्यात, म्हणजे एमआय-सिक्समध्ये शिरलेला. युद्ध संपता संपता त्या खात्याचा सोव्हिएतविरोधी विभागच त्याच्या हाती आला. ज्यांच्याविरुद्ध काम करायचं, तो त्यांचाच माणूस होता.

त्या खात्यात त्याचा जिवलग मित्र होता निकोलस एलियट. एलियटचे वडील ईटन शाळेचे मुख्याध्यापक. दोघांचा सामाजिक वर्ग एक, क्रिकेटचं वेड एक. १९५१ साली बर्जेस आणि मॅक्लीन हे दोन अधिकारी मॉस्कोला पळाले, संशय फिलबीवर आला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. एलियट त्याच्या पाठीशी उभा राहिला. १९५५ साली पार्लमेंटात फिलबीचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं, तेव्हा परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी त्याला निर्दोष ठरवलं. पुढे ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’चा बातमीदार म्हणून फिलबी बैरूतला गेला, त्यामागेही एलियटची खटपट होती.

१९६२च्या अखेरीस पुरावा हाती आला आणि जानेवारी १९६३ मध्ये कबुलीजबाब घ्यायला एलियटच बैरूतला गेला. एका फ्लॅटमध्ये दोघे भेटले. फिलबी दारूच्या नशेत पडल्यामुळे डोक्याला पट्टी बांधून आला होता. चहा आला. एक मित्र दुसऱ्याला सांगत होता की तू इतकी वर्षं मला फसवलंस, आता सगळं लिहून दे, तुझ्यावर खटला होणार नाही. खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय होती. त्या टेपविषयी पीटर राइट या अधिकाऱ्यानं पुढे लिहिलं की खिडकी उघडी राहिल्यामुळे रस्त्यावरच्या रहदारीच्या गोंगाटात संभाषणाचा बराच भाग बुडाला. अर्धामुर्धा कबुलीजबाब देऊन फिलबीनं वेळ काढला. पुढची चौकशी दुसऱ्यावर सोपवून एलियट आफ्रिकेला निघून गेला. फिलबीवर पाळत ठेवली गेली नाही. २३ जानेवारीच्या पावसाळी रात्री त्याला बायकोबरोबर एका ब्रिटिश राजनैतिक अधिकाऱ्याकडे जेवायला जायचं होतं. तो तिथे पोचलाच नाही. सोव्हिएत मालवाहू जहाजानं तो निसटला.

एलियटनं त्याला जाऊ दिलं का? एक मत असं की खटला झाला असता तर खात्याची अब्रू गेली असती, म्हणून दार मुद्दाम उघडं ठेवलं. दुसरं मत असं की ही केवळ ढिलाई होती. आपल्यातला माणूस मॉस्कोत जाऊन राहील हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. तिसरं मत मला सर्वांत मानवी वाटतं. मित्राला हातकड्या घालायची वेळ आपल्यावर येऊ नये, म्हणून माणूस नकळत पाठ फिरवतो. ही तिन्ही कारणं एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतात.

याच इतिहासात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या माझ्या मांडणीला फार उपयोगी आहेत. मॉस्कोत गेल्यावर फिलबीनं एलियटला पत्र पाठवून कुठेतरी भेटू या असं सुचवलं. एलियट गेला नाही. त्यानं उलट निरोप धाडला की व्होल्कोव्हच्या थडग्यावर माझ्या वतीनं फुलं ठेव. हा व्होल्कोव्ह १९४५ साली इस्तंबूलमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला येऊ पाहणारा सोव्हिएत अधिकारी. सोव्हिएत हेरांची नावं तो देणार होता. ते प्रकरण नेमकं फिलबीच्या टेबलावर आलं आणि व्होल्कोव्हला मॉस्कोला नेऊन मारण्यात आलं. एलियटच्या त्या निरोपात मैत्रीविषयी एक शब्द नाही. कृत्याविषयी मात्र शंकेला जागा नाही.

दुसरी गोष्ट फिलबीच्या मृत्यूनंतरची. तो मे १९८८ मध्ये मॉस्कोत वारला. बेन मॅकिन्टायर यांनी २०१४च्या आपल्या पुस्तकात सांगितलं आहे की त्यावर एलियटनं आपल्या जुन्या खात्याला एक सूचना केली. फिलबीला मरणोत्तर ब्रिटिश सन्मान जाहीर करा, मी असा मृत्युलेख लिहितो की वाचणाऱ्याला वाटावं, तो अखेरपर्यंत आपलाच माणूस होता. मॉस्कोतल्यांची झोप उडवण्याचा तो डाव होता. खात्यानं तो नाकारला. सूड म्हणून ही कल्पना आपल्याला कळते. पण त्यात आणखी काही नव्हतं का? पंचवीस वर्षांपूर्वी तुटलेल्या मित्राला खोटेपणानं का होईना, कागदावर तरी आपल्या बाजूला आणून बसवण्याची ती धडपड नव्हती का? मला हे ठरवता येत नाही. एलियटला तरी येत असेल का, कोण जाणे.

जॉन ल कारे यांनी हेरखात्यात नोकरी केली होती आणि फिलबीच्या फितुरीचे पडसाद त्यांनी आतून अनुभवले होते. १९७४ साली त्यांची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ आली. तिच्यात बिल हेडन हा खात्यातला हुशार, देखणा, सर्वांचा लाडका अधिकारी सोव्हिएत हेर निघतो. त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा मित्र जिम प्रिडो. जिमला चेकोस्लोव्हाकियात एका कामगिरीवर पाठवलं जातं, तिथे त्याच्या पाठीत गोळी लागते, छळ होतो. तो सापळा हेडनमुळेच लागलेला. पुढे जिमला परत आणण्यासाठी खटपट करणाराही हेडनच. सुटून आलेला जिम एका लहान मुलांच्या शाळेत शिकवतो, मैदानाजवळच्या गाडीत एकटा राहतो. आणि एक गोष्ट हळूच कळते. कामगिरीवर निघण्यापूर्वी जिम हेडनला भेटून गेला होता. त्यानं त्याला सावध केलं होतं. म्हणजे कुठेतरी आत त्याला ठाऊक होतं.

खात्यातला जुना अधिकारी जॉर्ज स्मायली फितूर शोधून काढतो. पहिला प्रश्न संपला. मग कैदेत असलेला हेडन एका रात्री मान मोडून मेलेला सापडतो. ल कारे मारेकऱ्याचं नाव घेत नाहीत. सगळ्या खुणा जिमकडे बोट दाखवतात, पण तो क्षण पानावर येत नाही. शेवटी आपण पुन्हा त्या शाळेत येतो. जिमवर जीव टाकणारा एक एकलकोंडा मुलगा त्याला पाहतो आहे आणि सर हळूहळू सावरत आहेत एवढंच त्याला कळतं.

हाच शेवट पडद्यावर दोनदा वेगळा झाला. १९७९च्या बीबीसी मालिकेत, जिच्यात अ‍ॅलेक गिनेस स्मायली आहेत, जिम हेडनला मारताना दिसतो. २०११ साली टॉमस अल्फ्रेडसन यांच्या चित्रपटात जिम दुरून बंदुकीनं गोळी घालतो. गोळी हेडनच्या डोळ्याखाली लागते आणि इकडे जिमच्या गालावरून आसू ओघळतो. चित्रपट मोठ्या कुशलतेचा आहे आणि तो आसू विसरता येत नाही. तरीही मी कादंबरीच्या बाजूनं उभा राहीन. पडद्यावर मारणारा दिसला की आपण एक अर्थ ठरवून मोकळे होतो. सूड झाला, आणि प्रेमही होतं, म्हणून आसू. कादंबरीत मारणारा दिसत नाही म्हणून एक भयंकर शक्यता जिवंत राहते. दोघांत त्या रात्री काही बोलणं झालं असेल का? जिम सूड घ्यायला आला असेल, की देशोदेशींच्या चौकशा आणि मॉस्कोतलं कुजणं यांतून मित्राला सोडवायला आला असेल? हेडननं त्याला ओळखून मान पुढे केली असेल का? मैत्रीचा शेवट असाच असतो. बाहेरच्या कोणालाही आत बोलावलं जात नाही, मग वाचकाला तरी का बोलवावं?

ग्रॅहम ग्रीन यांचं उदाहरण थोडक्यात देतो. युद्धकाळात ते हेरखात्यात फिलबीच्या हाताखाली होते. त्यांनी कथा-पटकथा लिहिलेला, कॅरल रीड दिग्दर्शित ‘द थर्ड मॅन’ १९४९ साली आला. तो काळाबाजारवाल्याची कथा आहे, हेराची नव्हे. पण चार सैन्यांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना आणि मित्रानं मित्राला पोलिसांच्या हाती देणं, हे सगळं आपल्या विषयातलंच. भुयारी गटारात जखमी झालेला तो काळाबाजारवाला, हॅरी लाइम, समोर पिस्तूल घेऊन उभ्या असलेल्या मित्राकडे पाहतो आणि मान किंचित हलवतो. कॅमेरा हटतो. गोळीचा आवाज होतो आणि धुरातून मित्र एकटा चालत येतो. त्या मान हलवण्यात विनंती होती, क्षमा होती की केवळ थकवा होता? कोणी सांगत नाही. पुढे दफनभूमीतल्या लांबलचक रस्त्यावर हॅरीची प्रेयसी या मित्राकडे न बघता निघून जाते. ग्रीन यांच्या कथेत ती त्याचा हात धरते. रीड यांनी ते नाकारलं. ग्रीन यांनी नंतर छापील शब्दांत मान्य केलं की रीड बरोबर होते. तो हात धरला असता तर मित्राला दिलेल्या दग्याची फेड झाली असती, आणि तशी फेड होत नसते.

आता सगळ्यांत गंभीर आक्षेपाकडे येतो. अशा शेवटांत फितुराला सूट मिळत नाही का? ‘काय सांगावं, त्याचंही मन असेल’ असं म्हणत आपण मारल्या गेलेल्या माणसांना विसरत नाही का? हा आक्षेप मी मनापासून मानतो. ग्रीन यांनी १९६८ साली फिलबीच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहून त्याची बाजू समजून घेतली आणि पुढे मॉस्कोत जाऊन त्याची भेट घेतली. ल कारे यांना १९८७ साली मॉस्कोत फिलबीला भेटण्याची संधी आली, त्यांनी ती झिडकारली. मैत्रीतल्या दग्याविषयी लिहिणारे हे दोन मोठे लेखक, पण वागणूक विरुद्ध. मला ल कारे यांचं वागणं जास्त पटतं. आणि तरी हेडनच्या मृत्यूचा शेवट मिटवायचं त्यांनी टाळलं, हे लक्षात घ्या. फितुरीविषयी कठोर असणारा लेखकच मैत्रीविषयी मौन पाळू शकतो. कारण त्याला कृत्य आणि मन यांचा निवाडा वेगळा ठेवता येतो.

यातून मोकळ्या शेवटासाठी माझ्या तीन अटी निघतात. पहिली, कृत्याचा निकाल लागलेला असावा. कोणी काय केलं, त्यानं कोणाचा जीव गेला, हे वाचकाला स्वच्छ कळलं पाहिजे. व्होल्कोव्हचं थडगं कथेत असलंच पाहिजे. दुसरी, जे उघडं ठेवलं ते पात्रांनाही न कळणारं असावं. पात्राला ठाऊक आहे आणि लेखक नुसता आपल्यापासून लपवतो आहे, तर ती चलाखी झाली. तशा शेवटावर रागवायचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. तिसरी, दोन्ही उत्तरांसाठी कथेत आधीपासून सारखी पेरणी असावी. हेडननं जिमला सापळ्यात पाठवलं आणि हेडननंच त्याला परत आणलं. भागुरायण फसवतो, आणि फसवताना त्याला ते अवघड जातं. अशा जागा नसतील तर शेवटचं मोकळं पान कोरंच राहतं.

या अटी पाळणं सोपं नाही. शेवट मिटवणाऱ्या लेखकाला एकच वाट तयार करावी लागते. मोकळा सोडणाऱ्याला दोन वाटा शेवटपर्यंत चालण्याजोग्या ठेवाव्या लागतात, आणि दोन्हींवर त्याचा स्वतःचा विश्वास असावा लागतो. एकीवरही तो मनातून हसत असेल तर वाचकाला ते लगेच कळतं.

वाचकाकडूनही काही अपेक्षा आहे. गुन्ह्याचा शोध लावणारी कथा आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवते, आणि ती खुर्ची सुखाची असते. मैत्रीची हेरकथा आपल्याला त्या खुर्चीवरून उठवून एलियटच्या जागी बसवते. समोर चहा आहे, समोरचा माणूस आपला इतक्या वर्षांचा मित्र आहे, आणि तो खोटं बोलतो आहे. इथे निकाल देऊन सुटका होत नाही. आपल्या साध्या आयुष्यातही, देशाची गुपितं नसली तरी, एखादा जवळचा माणूस पाठ फिरवतो आणि मागच्या सगळ्या वर्षांचा अर्थ संशयात पडतो. मग माणूस जुने प्रसंग एकेक काढून तपासत बसतो. तेव्हा तो खरं बोलत होता का? त्या दिवशी आला होता तो माझ्यासाठी की आणखी कशासाठी? हे तपासणं कधी पुरं होत नाही. त्याच्याबरोबर जगायला शिकावं लागतं. ज्या कथेनं ते आपल्याला आधीच थोडं शिकवलं, तिचे आपण ऋणी असायला हवं.

म्हणून इथे बसलेल्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे. मराठीत हेरकथा लिहा. हेरखात्याचे डाव, पाठलाग, सांकेतिक भाषा यांचा अभ्यास कसून करा, कारण त्यात कच्चेपणा राहिला तर वाचक पहिल्या प्रकरणातच सोडून जाईल. फितूर कोण, हे न घाबरता सांगा, आणि त्याच्यामुळे जे मेले त्यांना नाव द्या, चेहरा द्या. पण त्या दोन मित्रांत खरं काय होतं, हे सांगायची वेळ आली की लेखणी आवरा. तुम्हाला ते ठाऊक नाही, त्यांनाही नाही, आणि ते नाहीच हे प्रामाणिकपणे कबूल करणारा शेवट मराठी वाचक समजून घेईल, एवढी माझी त्याच्याविषयी खात्री आहे.